तीन टॉवेल जास्त

सोलापूरच्या पूर्व भागात कारखाना शोधावा लागत नाही, तो आधी कानावर येतो. साखर पेठ असो की गांधीनगर, घराच्या मागच्या अंगाला पत्र्याची शेड, शेडमध्ये चार-आठ-बारा यंत्रमाग, आणि बोळातून जाताना बोलणं थांबवावं लागेल इतका खडखडाट. इथल्या विणकरांना चांगली ठाऊक असलेली एक गंमत आहे. एखादा विणकर एका शेडवरून उठून दोन बोळ पलीकडच्या मालकाकडे लागतो. मजुरी नगावर, आणि नगाचा दर दोन्हीकडे सारखाच. माग त्याच जातीचे आणि तेवढेच जुने. टॉवेलही तोच. तरी आठवड्याचा हिशेब होतो तेव्हा हातात जास्त पैसे पडतात, कारण नगच जास्त निघालेले असतात.

हात तेच, तास तेवढेच. मग हे जास्तीचे टॉवेल आले कुठून?

अर्थशास्त्रात या प्रश्नावर कपाटंच्या कपाटं भरलेली आहेत. एक कंपनी दुसरीपेक्षा, एक उद्योग दुसऱ्यापेक्षा, एक देश दुसऱ्यापेक्षा तेवढ्याच कष्टात जास्त माल का काढतो, याचा शोध दोन-अडीचशे वर्षं चालू आहे. सोलापुरात मात्र त्यातलं बरंचसं उत्तर शेडमध्ये उभं राहूनच दिसतं.

घाम मोजून भागत नाही

जे घातलं त्याच्या मानाने किती निघालं, हे प्रमाण म्हणजे उत्पादकता. साध्या बोलण्यात आपण ती माणसाच्या अंगमेहनतीला चिकटवतो. ‘आमच्याकडची माणसं कामच करत नाहीत’ असं एखादा मालक म्हणतो, तेव्हा तो उत्पादकतेबद्दलच बोलत असतो. पण निम्मंच.

भाकरीचं उदाहरण घेऊ, सोलापुरात ते शोभेल. तासाभरात पंचवीस भाकऱ्या थापणारी बाई आहे. तिच्या शेजारी तशीच दुसरी बसवली तर पन्नास होतील का? तवा एकच असेल तर नाही होणार. दुसरी नुसती थापून वाट बघत बसेल. तवा दुसरा आणला, पण चुलीला जाळ पुरत नसेल, तरी नाही. पीठ जुनं होऊन विरी गेलेली असेल तर भाकरी परातीतच तुटते आणि दोघींचाही वेळ जातो. त्या बाईची मेहनत कशातच कमी नाही. कमी आहे ते तिच्याभोवतीचं काहीतरी.

म्हणून अर्थशास्त्रज्ञ उत्पादकता एका फूटपट्टीने मोजत नाहीत. माणसामागे किती माल निघाला ही एक पट्टी. यंत्रामागे किंवा गुंतवलेल्या पैशामागे किती, ही दुसरी. तिसरी सगळ्यांत अवघड आणि सगळ्यांत उपयोगाची: माणसं तेवढीच, यंत्रं तेवढीच, कच्चा माल तेवढाच, तरीही एकाकडे जास्त निघतं, त्या उरलेल्या फरकाला म्हणतात एकूण घटक उत्पादकता. दोन बोळांमधला आपला फरक याच जातीचा आहे.

माग किती चालतो आणि किती थांबतो

टेरी टॉवेलच्या मागापाशी जरा जवळून बघू. साध्या कापडाला ताण्याचं एक बीम पुरतं, म्हणजे उभे धागे गुंडाळलेला एक रूळ. टॉवेलला दोन लागतात. खालच्या बीमचे धागे ताठ, वरच्याचे सैल. आडवा धागा घेऊन धोटा इकडून तिकडे जातो आणि फणी तो धागा कापडाकडे ठोकते. टॉवेलमध्ये पहिले दोन धागे फणी पुरते ठोकत नाही, थोड्या अंतरावर ठेवते. तिसरा आला की तिघांना एकदम पुढे रेटते. त्या रेट्याबरोबर सैल धागे दुमडून वर येतात आणि त्यांची फुलं होतात. अंग पुसताना पाणी शोषतात ती हीच फुलं.

आता थांबण्याकडे वळू. धोट्यात आडव्या धाग्याची कांडी असते. साध्या मागावर ती संपली की माग थांबवून हाताने नवी कांडी भरायची. सूत जितकं जाड तितकी कांडी लवकर रिती होते, आणि सोलापूरचा चादर-टॉवेलचा धंदा जाड सुतावरच उभा आहे. ताण्याचा धागा तुटला की थांबायचं, तुटलेलं टोक शोधून गाठ मारायची. बीम संपलं की नवं चढवून त्याचे शेकडो धागे जोडायचे. मागाचा एखादा भाग बिघडला तर जॉबरची, म्हणजे माग दुरुस्त करणाऱ्याची वाट बघायची, आणि जॉबर त्या वेळी चौथ्या बोळात दुसऱ्याच कुणाचा माग खोलून बसलेला असतो.

┌──────────────────────
चौकट: एका मागाचे आठ तास

समजा, माग मिनिटाला १२० आडवे धागे टाकतो आणि टॉवेलच्या दर इंचात ४० धागे बसतात. म्हणजे मिनिटाला ३ इंच, तासाला १५ फूट, आठ तासांत १२० फूट. पाच फुटी टॉवेल धरला तर २४ नग. हे झालं कागदावरचं.

आठ तासांत माग मिळून ३ तास थांबला: चालला ५ तास, कापड ७५ फूट, टॉवेल १५.

मिळून २ तास थांबला: चालला ६ तास, कापड ९० फूट, टॉवेल १८.

थांबणं एका तासाने घटलं आणि माल २० टक्के वाढला. एका विणकराकडे असे चार माग असतील तर दिवसाला ६० च्या जागी ७२ टॉवेल. मागाचा वेग तोच, माणसाचाही तोच.
└──────────────────────

हे तीन टॉवेल ध्यानात ठेवले की बाकीचा सगळा विषय ‘माग कशाने थांबतो’ एवढ्या प्रश्नावर येतो. आणि माग थांबण्याची कारणं शेडच्या भिंतींच्या बाहेर फार लांबवर पसरलेली आहेत.

सूत आणि उन्हाळा

पहिलं कारण सूत. किलोमागे चार पैसे स्वस्त पडलं म्हणून कमअस्सल सूत घेतलं की खरेदीच्या बिलात बचत दिसते. तोटा दिसत नाही, कारण तो दिवसभर दर थोड्या वेळाने तुटणाऱ्या धाग्यांत वाटला गेलेला असतो. त्याची नोंद कुठेच नसते. नगावर मजुरी असेल तर त्यातला मोठा वाटा विणकराच्या अंगावर पडतो, मालकाला तो जाणवतही नाही. स्वस्त सुताची सवय जात नाही ती यामुळेच: निर्णय एकाचा, भुर्दंड दुसऱ्याचा.

मग मालक चांगलं सूत का घेत नाही? बऱ्याचदा घेऊ शकत नाही म्हणून. सुताचा भाव कापसाबरोबर वरखाली होतो. ज्याच्याकडे खेळतं भांडवल आहे तो भाव उतरला की साठा करतो. ज्याचे पैसे व्यापाऱ्याकडे उधारीत अडकलेले आहेत, तो आठवड्यापुरतं सूत उचलतो, तेही जो उधार देईल त्याच्याकडून आणि तो देईल त्या दर्जाचं. मागावर तुटणाऱ्या धाग्याचं मूळ असं तीन महिन्यांपूर्वीच्या न आलेल्या पैशात सापडतं.

दुसरं कारण हवा. कापसाचा धागा ओलाव्याने मजबूत होतो, कोरड्या हवेत ठिसूळ. लँकेशायरच्या दमट हवेचा तिथल्या गिरण्यांना जो फायदा झाला म्हणतात तो हाच. सोलापूरचा मार्च ते मे म्हणजे याच्या अगदी उलट. मोठ्या गिरण्या शेडमध्ये ओलावा राखायची यंत्रं बसवत. पत्र्याच्या शेडमध्ये जमिनीवर पाणी मारतात. शहरात नळाला काही दिवसांआड पाणी येतं तेव्हा तेही जपून मारावं लागतं.

आणि ऊन फक्त धाग्याला लागत नाही. ई. सोमनाथन आणि सहकाऱ्यांनी भारतातल्या कारखान्यांची बरीच वर्षांची आकडेवारी तपासून २०२१ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. तापमान एक अंशाने वाढलं की कारखान्याचं वर्षाचं उत्पादन सुमारे दोन टक्क्यांनी घटतं, असं त्यात दिसलं. विणकामाचे कारखानेही त्या अभ्यासात होते. उन्हाच्या दिवसांत कामाची गती मंदावते आणि खाडेही वाढतात. मे महिन्यात पारा ४३-४४ वर गेल्यावर पत्र्याखाली काय होत असेल, हे सांगायला अभ्यासाची गरज नाही; पण ‘उन्हाळ्यात माणसं आळशी होतात’ म्हणणाऱ्याच्या तोंडावर ठेवायला आकडा बरा असतो.

वीज गेली तर

विजेबद्दल सगळेच बोलतात, त्यामुळे इथे थोडक्यात. भारनियमनाच्या वर्षांत सोलापूर-इचलकरंजी-भिवंडी-मालेगाव सगळीकडे माग तासन् तास उभे राहिले. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासाने (हंट ऑलकॉट आणि सहकारी) भारतीय कारखान्यांचा हिशेब मांडला. विजेच्या टंचाईने सरासरी कारखान्याची कमाई ५ ते १० टक्क्यांनी घटते, मात्र उत्पादकता त्यापेक्षा बरीच कमी घटते. कारण वीज नसताना सूत कुठे जात नाही, ते उद्या वापरता येतं. फुकट जातो तो माणसाचा आणि यंत्राचा वेळ. जनरेटर असलेला मोठा कारखाना महाग का होईना, काम चालू ठेवतो. चार मागांच्या शेडला जनरेटर परवडत नाही. म्हणजे एकाच अंधाराची किंमत लहानाला जास्त पडते.

१९१० सालची एक तुलना

आता जरा लांबून पाहू. ग्रेगरी क्लार्क या अर्थशास्त्रज्ञाने १९८७ मध्ये जगभरातल्या १९१० च्या सुमाराच्या कापड गिरण्यांची तुलना केली. त्या काळी बहुतेक देशांना यंत्रं विकणारे कारखाने इंग्लंडमधले, त्यामुळे यंत्रं जवळपास सारखी. तरीही अमेरिकेच्या न्यू इंग्लंड भागातला एक गिरणी कामगार जितकं काम उरकायचा, त्याला ब्रिटनमध्ये दीड, जर्मनीत २.३ आणि भारत, चीन, जपान किंवा ग्रीसमध्ये जवळजवळ सहा कामगार लागायचे.

सहा! हा आकडा वाचून पहिला राग कामगारावर निघतो, तेव्हाही निघाला होता. पण फरक मुख्यतः एका गोष्टीत होता: एका माणसाकडे किती यंत्रं. लँकेशायरचा विणकर साधारण चार माग सांभाळायचा, आपल्याकडचा दोन. अमेरिकेत १८९० च्या दशकात नॉर्थ्रॉप माग आला. त्यात कांडी संपली की माग न थांबता नवी कांडी आपोआप बसायची, म्हणून तिथे एक माणूस डझन-दीड डझन माग बघू शकायचा.

मग आपल्या गिरण्यांनी नॉर्थ्रॉप का घेतला नाही? माहीत नव्हता म्हणून नाही. मजुरी स्वस्त होती म्हणून. महाग यंत्र आणून चार माणसं वाचवायची, तर त्या चार माणसांचा पगार यंत्राच्या व्याजापेक्षा जास्त असायला हवा. अमेरिकेत तो होता, सोलापुरात नव्हता. मालकाचा हिशेब त्याच्या जागी चोख होता. पण त्याच हिशेबाने पुढच्या वर्षी माणसामागचं कापड तेवढंच राहिलं, कापड तेवढंच म्हणून मजुरीही तेवढीच, आणि मजुरी तेवढीच म्हणून यंत्र पुन्हा महागच. स्वस्त मजुरी आणि कमी उत्पादकता एकमेकींच्या पाठीला पाठ लावून बसतात, आणि दोघींपैकी पहिली कुणी उठायचं हे ठरत नाही. माझ्या मते सोलापूरच्या कापडधंद्याचं दुखणं बाकी कशाहीपेक्षा या जोडीत आहे.

ही जोडी फुटू शकते, याचा दाखला जपान आहे. १९१० मध्ये त्याच ‘सहा माणसं’वाल्या रांगेत बसलेला. १९२४ मध्ये साकिची टोयोडा यांनी स्वयंचलित माग आणला: धोटा आपोआप बदलणारा आणि धागा तुटला की स्वतःहून थांबणारा. थांबणारं यंत्र हा उत्पादकतेचा शोध कसा, असं वाटेल. पण धागा तुटल्यावर माग स्वतः थांबत असेल तर त्याच्यावर डोळा ठेवून उभं राहायला माणूस लागत नाही, आणि खराब कापडही विणलं जात नाही. पाच वर्षांत इंग्लंडच्या प्लॅट ब्रदर्सनी त्या मागाचे हक्क विकत घेतले. ज्यांच्याकडून जग यंत्रं घेत होतं, ते आता जपानकडून घेऊ लागले. त्याच घराण्याने पुढे मोटारी बनवल्या. ‘टोयोटा’ ती हीच.

‘जुनी मिल’ आणि वहीतली नोंद

सोलापुरात रेल्वे आली १८६० मध्ये. त्यानंतर शेठ मोरारजी गोकुळदास यांची सोलापूर स्पिनिंग अँड वीव्हिंग मिल १८७७ मध्ये चालू झाली. पुढे लक्ष्मी, विष्णू, नरसिंग गिरजी, जाम अशा गिरण्या उभ्या राहिल्या, तशी ही ‘जुनी मिल’ झाली. ऑगस्ट १९४९ मध्ये ती बंद पडली आणि हजारोंचं काम गेलं. जानेवारी १९५० मध्ये केंद्र सरकारने खास या एका गिरणीसाठी वटहुकूम काढून कारभार हातात घेतला, पाठोपाठ कायदा केला. कारण दिलं होतं गैरव्यवस्थापन आणि हेळसांड. दुष्काळ, परदेशी माल किंवा कामगारांचा संप यांचं नाव त्यात नव्हतं. भागधारक सर्वोच्च न्यायालयात गेले. १९५३ मध्ये निकाल सरकारविरुद्ध लागला, आणि १९५५ च्या चौथ्या घटनादुरुस्तीमागे जे निकाल होते त्यांत सोलापूरच्या या गिरणीचंही नाव आहे. कायद्याच्या विद्यार्थ्यांना ‘जुनी मिल’ पाठ असते. अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यांनाही असायला हवी. यंत्रं, इमारती, कामगार, बाजारपेठ सगळं जागेवर असताना कारभार नीट नसेल तर काय होतं, याचं इतकं मोठं उदाहरण घराजवळ दुसरं नाही.

कारभाराचा परिणाम मोजायला अलीकडे एक प्रयोगच झाला, तोही कापडाच्या कारखान्यांत. निकोलस ब्लूम आणि सहकाऱ्यांनी तारापूर आणि उंबरगाव इथल्या १७ कंपन्यांचे २८ कारखाने निवडले. काहींना पाच महिने सल्लागार दिले. त्यांनी नवी यंत्रं आणली नाहीत. सुताच्या पेट्यांवर चिठ्ठ्या लावून साठ्याची नोंद ठेवायला लावली. माग का थांबला हे रोज लिहायला लावलं. बिघडण्याआधीच तेलपाणी, जमिनीवरचा पसारा उचलणं, कापडातले दोष मोजून रोज सकाळी त्यावर बोलणं, बस्स. पहिल्याच वर्षात उत्पादकता सरासरी १७ टक्क्यांनी वाढली.

आपल्या तीन टॉवेलांच्या बरंच जवळचा आकडा आहे हा. दोन बोळ पलीकडच्या मालकाकडे बहुधा एवढंच वेगळं असतं: कांड्या आधीच भरून मागापाशी ठेवलेल्या, पुढचं बीम तयार, जॉबरची फेरी बिघाड होण्याआधी, आणि कुठला माग सारखा थांबतो हे वहीत लिहिलेलं.

इतकं सोपं असेल तर सगळेच का करत नाहीत? संशोधकांनी मालकांना विचारलं. काहींना ‘आमच्याकडे याने काही फरक पडणार नाही’ असं वाटत होतं. पण खोलवरचं कारण वेगळं निघालं. कंपनी किती मोठी होणार हे ठरवणारी एक ठळक गोष्ट होती ती मालकाच्या घरात भाऊ, मुलगे, पुतणे किती! बाहेरच्या माणसावर गल्ला आणि साठा सोपवायला मालक तयार नसतात. त्याने हात मारला तर कोर्टात वर्षानुवर्षं जाणार. म्हणून जितके घरचे पुरुष, तितकेच कारखाने. (घरातल्या बायकांची गणती त्या हिशेबात नव्हती, हा अपव्यय कुणीतरी मोजायला हवा.) विश्वास ही ऐकायला मऊ गोष्ट वाटते, पण शेडची लांबी-रुंदी ती ठरवते. काही वर्षांनी संशोधक परत गेले, तेव्हा शिकवलेल्या पद्धतींपैकी सुमारे निम्म्या सुटल्या होत्या. बऱ्याच ठिकाणी कारण साधं होतं: वही ठेवणारा व्यवस्थापक सोडून गेला होता.

लहान शेड लहानच का राहते

दहा-वीस मागांच्या शेडवर दर काही दिवसांनी रंग, माप, नक्षी बदलते. प्रत्येक बदलाला माग थांबतो. हजार डझनाची एक ऑर्डर आणि पन्नास डझनाच्या वीस ऑर्डरी, विणकाम तेवढंच, पण दुसऱ्यात थांबणं वीस पट. मोठी ऑर्डर मोठ्या कारखान्याकडे जाते आणि त्याला अजून मोठं करते.

त्यात कायद्याचीही पायरी आहे. १९४८ च्या कारखाना कायद्यात विजेवर चालणाऱ्या जागेत दहा कामगार ही मूळ मर्यादा होती. भविष्य निर्वाह निधीला वीस. कामगाराच्या संरक्षणासाठी या तरतुदी हव्यातच. पण पायरी अशी एकदम उंच असली की धंदा तिच्याखाली दबून राहायला बघतो, आणि देशभरच्या यंत्रमाग गावांत एकाच कुटुंबाच्या एकाच छपराखाली तीन नावांचे फलक दिसतात. स्वातंत्र्यानंतरच्या धोरणानेही गिरण्यांच्या मागांवर मर्यादा घातली आणि लहानांना सवलती दिल्या. काम जास्त हातांना मिळालं, पण हात विखुरलेले राहिले.

आणि नवा माग? रॅपियर माग धोट्याशिवाय चालतो, मिनिटाला साध्या मागाच्या दुप्पट-तिप्पट धागे टाकतो. तंत्रज्ञान सुधारणेसाठी केंद्राने १९९९ पासून व्याजात आणि भांडवलात मदतीची योजना चालवली. तरी जुने माग का टिकले? शेडमालकाच्या जागी बसून बघा. नव्या मागाचा हप्ता दर महिन्याला येतो. ऑर्डर दर महिन्याला येत नाही. पानिपतच्या मिंक ब्लँकेटने चादरीचा बाजार खाल्ला की मंदी, सोलापुरी म्हणून बाहेरचा माल विकला गेला की मंदी. जुना माग कधीच फिटलेला असतो. काम नसेल तर तो नुसता उभा राहतो, काही मागत नाही. चढउताराच्या धंद्यात न मागणारं यंत्र ही विम्यासारखी सोय आहे. मालक चुकत नाही. पण शहरभर असे हजारो बिनचूक निर्णय मिळून माणसामागचं कापड कमी राहतं.

चांगल्या शेडकडे भांडवल पोचत नाही आणि वाईट शेड बंद पडत नाही, याची देशपातळीवरची किंमत चँग-ताई शे आणि पीटर क्लेनो यांनी २००९ मध्ये काढली. माणसं आणि पैसा अमेरिकेतल्यासारखे योग्य हाती गेले, तर यंत्रं-माणसं आहेत तेवढीच ठेवून भारतीय कारखानदारीची उत्पादकता ४० ते ६० टक्के वाढेल, असा त्यांचा हिशेब.

शेजाराचा आधार

मग इतकं असून सोलापूर टिकलं कशावर? शेजारावर. रंगारी, बीम भरणारा, सुटे भाग विकणारा, जॉबर, व्यापारी, सगळे सायकलच्या अंतरावर. जकार्ड चादरीची नक्षी पूर्वी छिद्रं पाडलेल्या पुठ्ठ्यांच्या माळेवर उतरवत, आणि तेवढंच काम करणारे लोकही इथेच. कुठल्याही एका शेडला असा माणूस ठेवणं परवडलं नसतं. पाचशे शेड मिळून त्याला पोसतात. तेलंगणातून आलेल्या पद्मशाली कुटुंबांनी नुसतं विणकाम आणलं नाही, नात्यागोत्यातली उधारी आणि कामगार मिळवण्याची वाटही आणली. आल्फ्रेड मार्शल यांनी १८९० मध्ये अशा गावांचं वर्णन करून ठेवलंय. कसब तिथल्या हवेतच असतं आणि पोरं ते न शिकवता उचलतात, असा त्यांचा आशय होता. गणवेशाचा धंदा सोलापुरात हल्ली वाढतोय तोही याच शेजारावर.

शेजाराचा तोटाही आहे. एकाची नक्षी चालली की आठवड्यात ती दहा मागांवर चढते. जो नवं काढतो त्याला त्याचा मोबदला मिळत नाही, म्हणून नवं काढणारे कमी. चादर आणि टेरी टॉवेल दोन्हींना भौगोलिक मानांकन आहे, पण नाव राखायचं तर दर्जाही सगळ्यांनी मिळून राखावा लागतो, आणि इथे भाव पाडण्याची चढाओढ दर्जा राखण्याच्या आड येते.

जास्तीचे टॉवेल कुणाचे?

उत्पादकता वाढली की सगळ्यांचं भलं, असं पाठ्यपुस्तक सांगतं. शेडमध्ये तो लगेच वाटपाचा प्रश्न होतो. पंधराऐवजी अठरा टॉवेल निघाले आणि नगाचा दर तोच राहिला, तर विणकराची कमाई २० टक्के वाढली. मालकाने ‘आता माग कमी थांबतो’ म्हणून दर उतरवला, तर ती मालकाकडे गेली. शेजारच्या सगळ्यांनीच अठरा काढले आणि व्यापाऱ्याने भाव पाडला, तर ती पुण्या-मुंबईच्या गिऱ्हाइकाकडे गेली. १९२८ मध्ये मुंबईच्या गिरणी कामगारांनी सहा महिने संप केला तो याच मुद्द्यावर. दोनाऐवजी तीन माग सांभाळा म्हणणाऱ्यांनी तिसऱ्या मागाच्या कमाईतला वाटा आणि जाणाऱ्या माणसाचं काय, हे सांगितलं नव्हतं. कामगार यंत्राच्या विरोधात होते असं नंतर लिहिलं गेलं. ते हिशेबाच्या विरोधात होते.

आता पारडं दुसऱ्या बाजूने हलतंय. विणकराची मुलं मागावर यायला तयार नाहीत. ती पुण्याला जातात. शेडमालक ‘माणूस मिळत नाही’ म्हणतात, म्हणजे त्या मजुरीत मिळत नाही. मजुरी वाढवायची तर माणसामागचं कापड वाढायला हवं, आणि त्यासाठी त्याला कमी थांबणारे, जास्त माग द्यायला हवेत. ज्या हिशेबाने शंभर वर्षं नवा माग महाग ठरवला, त्यातला मजुरीचा आकडा बदलू लागलाय. त्यामुळे काही मालक आज रॅपियरचे भाव विचारतायत आणि काही जुने माग भंगाराच्या भावात काढतायत. कोण कुठल्या रांगेत जाणार, हे बँक किती महिन्यांची मुदत देते आणि व्यापारी पैसे किती दिवसांनी सोडतो, यावर ठरतंय.